अॅलेक्सा की गुगल? आधी घरातला कूलर बघा!

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दुपारी जागचे न उठता कूलर सुरू होणार असेल, तर स्मार्ट स्पीकर कुणाला नको? पण आवाजाच्या दर्जाआधी भाषा बघा. फोनवरचा गुगल असिस्टंट २०१८ पासून मराठी समजतो. स्पीकरवर मात्र गुगल काय नि अॅलेक्सा काय, काम चालते ते हिंदी-इंग्रजीवरच. नागपूरकरांचे हिंदीवाचून अडत नाही. तरी आजीला दुकानात नेऊन एकदा बोलायला लावाच. अॅपलच्या होमपॉडला आयफोन किंवा आयपॅड लागतो, बाकीच्यांनी तो विषय सोडावा.

आता कूलर. तो स्पीकर थेट चालवत नाही, मध्ये स्मार्ट प्लग लागतो. अॅमेझॉनचा स्वतःचा प्लग फक्त अॅलेक्साचे ऐकतो, म्हणून खोके वाचूनच जोडी ठरवा. फिरवायच्या बटणाचा साधा कूलर यावर छान चालतो. टच पॅनलचा वीज आल्यावर आपोआप सुरू होईलच असे नाही. सहा अॅम्पिअरच्या प्लगवर दीड टनाचा एसी तर लावूच नका.

खरा धोका पाणी भरताना आहे. ‘बंद कर’ म्हटल्यावर पंखा थांबतो, पण अनेक स्मार्ट प्लग एकच तार तोडतात. भिंतीवरच्या पॉइंटची जोडणी उलटी असेल तर कूलरपर्यंत करंट राहू शकतो. त्यामुळे स्पीकर कुठलाही घ्या, पाइप हातात घेण्याआधी पिन हाताने काढायची.

आणि लाइन गेली की राउटरही बंद, स्पीकरही मुका. दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.