बर्फावरच्या छोट्या मोटारी: चढण्याचे बळ आणि थांबण्याची परीक्षा

मोटारीला रस्त्यावर तीनच कामे करावी लागतात: पुढे जाणे, वळणे आणि थांबणे. कोरड्या डांबरावर ही तिन्ही इतकी सहज होतात की ती वेगवेगळी आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही. रस्त्यावर बर्फ साचला की ती एकमेकांपासून सुटी होतात. फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाचे बळ चारही चाकांना पोचवण्याची सोय. तिची खरी मदत या तिघांपैकी पहिल्या कामाला होते. छोट्या मोटारीच्या बाबतीत या साध्या गोष्टीचे परिणाम कुठवर जातात, ते या लेखात पाहू.

नोकरीच्या निमित्ताने मी जपानमधल्या निइगाता प्रांतात काही हिवाळे काढले. यासुनारी कावाबाता यांची ‘स्नो कंट्री’ ही कादंबरी जिथे घडते ते युझावा याच प्रांतात आहे. इथल्या बर्फाचे कारण मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सायबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतात आणि किनाऱ्यामागच्या डोंगरांना अडून ते सारे खाली टाकतात. डोंगरापलीकडे तोक्योला मात्र हिवाळाभर कोरडे ऊन असते. कोकणात धो धो पाऊस आणि घाट चढून पलीकडे गेल्यावर माणदेशात कोरड, तसाच हा प्रकार. फक्त पावसाच्या जागी बर्फ.

अशा मुलखात घरोघरी दिसते ती ‘केई’ वर्गातली मोटार. ६६० सीसीपर्यंतचे इंजिन, जास्तीत जास्त ३.४ मीटर लांबी आणि १.४८ मीटर रुंदी, ही तिची कायद्याने आखलेली मर्यादा. त्यातल्या बऱ्याच मोटारी फोर-व्हील ड्राइव्ह असतात. भाजीवाला, टपाल वाटणारा, दवाखान्यात निघालेली आजी, सगळे त्यातूनच फिरतात. आपल्याकडे ही सोय म्हणजे साहसाची खूण मानली जाते. तिथे ती छत्रीसारखी वापरतात.

छोट्या मोटारीत ही सोय आली ती कामाच्या गरजेतून. १९७० साली सुझुकीने पहिली जिम्नी विक्रीला आणली. मूळ कल्पना ‘होप’ नावाच्या एका लहान कंपनीची. सुझुकीने तिचे हक्क विकत घेतले होते. इंजिन ३५९ सीसीचे, ताकद २५ अश्वशक्ती, वजन ६०० किलोच्या आसपास. त्या वेळच्या केई वर्गाची लांबीची मर्यादा तीन मीटर होती. तिच्यात बसण्यासाठी जादाचे चाक मागे टांगण्याऐवजी गाडीच्या आत ठेवले होते. त्याच सुमारास तोहोकू इलेक्ट्रिक या वीज कंपनीला डोंगरातल्या तारांची हिवाळ्यात पाहणी करायला जीपपेक्षा ऊबदार गाडी हवी होती. त्या मागणीतून सुबारूने साध्या मोटारीला चारही चाकांचे बळ जोडून पाहिले आणि १९७२ मध्ये लिओनी ही फोर-व्हील ड्राइव्ह स्टेशन वॅगन बाजारात आली. युरोपात १९८३ मध्ये फियाटने पांडा फोर बाय फोर काढली. तिची मागच्या चाकांकडे बळ नेणारी यंत्रणा ऑस्ट्रियाच्या श्टायर-पुख कंपनीची होती. पहिला गिअर इतका जड भार ओढण्याजोगा ठेवला होता की सपाटीवर गाडी दुसऱ्या गिअरमध्येच सुरू करत. आल्प्समधल्या वाड्यावस्त्यांवर ही डबडी अजूनही धावतात. आपल्याकडे १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी ही जिम्नीच्याच कुळातली.

आता मूळ प्रश्न. चाक रस्त्याला किती पकडू शकते, हे घर्षण गुणांकावरून ठरते. कोरड्या डांबरावर तो साधारण ०.८ असतो, दाबून बसलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. मोटार ओढायला उपयोगी पडते ती फक्त इंजिनाला जोडलेल्या चाकांवर पडणाऱ्या भाराची पकड. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या छोट्या मोटारीचा सुमारे ६० टक्के भार पुढे असतो. गुणांक ०.२ धरला, तर अशी मोटार शंभर मीटरला अकरा-बारा मीटर इतकाच चढ चढेल. त्यापुढे चाके जागच्या जागी फिरतील. हेच बळ चारही चाकांना मिळाले तर सगळाच भार कामी येतो आणि चढ वीस मीटरपर्यंत जातो. हा फरक फार मोठा आहे. तो जाहिरातदारांनी फुगवलेला नाही.

हलकेपणाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. जड गाडी बर्फावर घट्ट बसते आणि हलकी घसरते, असे पुष्कळांना वाटते. वजन दुप्पट झाले की पकडही दुप्पट होते, पण ओढायचा आणि थांबवायचा भारही दुप्पट होतो. हिशेब होता तिथेच राहतो. छोट्या मोटारीचा खरा फायदा दुसरीकडे आहे. तिचे टायर अरुंद असतात, त्यामुळे वरचा भुसभुशीत बर्फ कापून ते खालच्या घट्ट थराला टेकतात. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या राहून अरुंद झालेल्या रस्त्यावर समोरून गाडी आली, तर छोट्या गाडीला बाजू देता येते. आणि रुतलीच, तर दोन-तीन माणसे तिला ढकलून बाहेर काढू शकतात.

तिचे दुबळेपणही तितकेच स्पष्ट आहे. केई मोटारीचे चाक लहान आणि पोट जमिनीजवळ. रात्रीतून गुडघाभर बर्फ पडला की पोट बर्फावर टेकते, चाकांवरचा भार निघून जातो आणि चारही चाके हवेत फिरवल्यासारखी फिरतात. जिम्नीसारखी उंच गाडी याला बऱ्याच अंशी अपवाद आहे. दुसरी अडचण डिफरन्शियलची. वळणावर दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही यंत्रणा स्वभावाने समन्यायी असते: दोन्हीकडे सारखेच बळ देते. एक चाक बर्फावर भिरभिरू लागले, की त्याला जेवढे थोडे बळ लागते तेवढेच दुसऱ्याच्या वाट्याला येते. म्हणून पुढचे एक आणि मागचे एक चाक निसरड्यावर आले, तर चारही चाकांना बळ असूनही गाडी हलत नाही. नव्या गाड्यांत भिरभिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून यावर तोड काढलेली असते.

इथवर जाण्याचा हिशेब झाला. आता थांबण्याचा पाहू. ब्रेक सगळ्याच मोटारींना चारही चाकांना असतात. तिथे फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला वेगळे असे काही मिळत नाही. ताशी ३० किलोमीटर वेग असेल, तर ०.२ गुणांकाच्या सपाट बर्फावर ब्रेक दाबल्यापासून मोटार सुमारे १८ मीटरवर थांबते. तीच मोटार शंभर मीटरला पंधरा मीटर अशा उतारावर असेल, तर पकडीतला बहुतेक भाग गुरुत्वाकर्षणाला तोंड देण्यातच खर्च होतो आणि थांबायला सुमारे ७० मीटर लागतात. डोंगरातल्या रस्त्यावर पुढचे वळण त्याच्या आत येते.

आता या दोन हिशेबांची सांगड घाला. दोन चाकांची मोटार हा पंधराचा चढ चढलीच नसती. ती पायथ्याशीच अडली असती आणि चालक परत फिरला असता. चार चाकांची मोटार त्याला निमूटपणे वर नेते, आणि रस्ता किती निसरडा आहे याची खबर त्याला पहिल्यांदा मिळते ती उतरताना.

यावर उपाय टायरचा आहे. साधे रबर थंडीत कडक होते. हिवाळी टायरचे रबर शून्याखालीही मऊ राहते. त्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात आणि खाचांत दाबला गेलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटून पकड वाढवतो. समजा, अशा टायरमुळे गुणांक ०.२ वरून ०.३ झाला. मग पुढच्या दोन चाकांची साधी मोटारही सोळा-सतराचा चढ चढते आणि पंधराच्या उतारावर ७० ऐवजी सुमारे २४ मीटरवर थांबते. म्हणजे पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर ते टायरवर घालवावेत.

या टायरचा इतिहासही उद्बोधक आहे. जपानमध्ये एकेकाळी हिवाळ्यात लोखंडी खिळ्यांचे टायर सर्रास वापरत. बर्फावर ते उत्तम. पण बर्फ नसलेल्या रस्त्यावर ते डांबर खरवडत. १९८०च्या दशकात सेंदाई शहरात या धुळीने लोक हैराण झाले आणि १९९० मध्ये या टायरविरुद्ध देशभरासाठी कायदा झाला. त्यांची जागा बिनखिळ्यांच्या मऊ टायरने घेतली. हवा स्वच्छ झाली, पण साप्पोरोच्या चौकांत नवे संकट आले. थांबणाऱ्या आणि निघणाऱ्या हजारो मऊ टायरनी बर्फ घासून आरशासारखा चकचकीत केला. शून्य अंशाच्या आसपास अशा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो, तेव्हा तो सर्वांत निसरडा. कडाक्याच्या थंडीतला बर्फ त्या मानाने बरा, हे ऐकून आपल्याला नवल वाटते.

आणि रस्ताच बंद झाला तर? डिसेंबर २०२० मध्ये युझावाजवळच्या कान-एत्सु द्रुतगती मार्गावर सुमारे दोन हजार वाहने बर्फात अडकली आणि ती सगळी बाहेर काढायला दोन दिवसांहून अधिक वेळ लागला. पुढचा ट्रक आडवा झाला की मागच्या गाडीची किती चाके चालतात याला अर्थ राहत नाही. अशा वेळी धोका थंडीइतकाच धुराचा असतो. साचत्या बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले आणि इंजिन चालू ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो. म्हणून निइगातात थंडी सुरू झाली, की माझ्या शेजाऱ्यांच्या गाड्यांत फावडे आणि घोंगडी ठेवलेली दिसे.

हे सारे आपल्याला दूरचे राहिलेले नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यात तुटणारे लाहौल मनालीशी जोडले गेले. डिसेंबर-जानेवारीत तिथे पुण्या-मुंबईच्या गाड्याही दिसतात. बर्फ पडला की पोलीस बहुधा फोर-व्हील ड्राइव्ह किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच वर सोडतात. ती अट गाडी अडकून रस्ता तुंबू नये यासाठी ठीक आहे. पण मैदानी उन्हासाठी बनवलेल्या टायरवर वर गेलेली फोर-व्हील ड्राइव्ह गाडी उतरताना इतर कुठल्याही गाडीसारखीच असते. साखळ्या चारही चाकांना असाव्यात. दोनच असतील तर निदान उत्पादकाने सांगितलेल्या चाकांना. फक्त पुढे लावल्या तर उतारावर मागचा भाग फिरण्याची भीती असते. देवदारांच्या सावलीतले वळण दुपारीही गोठलेले असू शकते.

निइगातातल्या शेजाऱ्यांची एक सवय इथे उपयोगी पडेल. घरून निघाले, की पहिल्या सपाट, मोकळ्या जागी मागे कुणी नाही हे पाहून ते एकदा हलकेच ब्रेक दाबून बघत. गाडी किती सरकते त्यावर त्या दिवसाचा वेग ठरे, आणि कधी कधी घाटातून जायचे की नाही, तेही.