कार सीट रिकॉल झाली, पण आपल्याला सांगणार कोण?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

गोष्ट सात रस्त्यावरची. दिवाळीत घरी आलो होतो. दादा, वहिनी, दीड वर्षाचा पुतण्या आणि मी तुळजापूरला निघालो. चौकाजवळ दादानं चहासाठी गाडी बाजूला घेतली. मागे बाळाची कार सीट, ताईनं अमेरिकेहून आणलेली, तिच्या लेकीची जुनी. बघतो तर पट्टा ओढून घट्ट केला, की थोड्या वेळानं आपोआप ढिला. वहिनी म्हणाली, "रोजचंच आहे हे."

माझ्यातला टेस्टर जागा झाला. बाळाला वहिनीकडे दिलं, सीट उलटी केली, लेबलचा फोटो काढला आणि मॉडेल नंबर सर्च केला. रिकॉल निघालं होतं! नोटीस ताईच्या जुन्या पत्त्यावर गेली असणार. तिनं घर बदललेलं, आणि सीट तर सोलापुरात.

रिकॉल म्हणजे नक्की काय?

आपल्या भाषेत सांगायचं तर बग सापडल्यावर आलेला पॅच. फरक एवढाच, की फोनला अपडेट आपोआप येतो, सीटला येत नाही. कंपनीकडे तुमचं नाव-पत्ता असेल तरच निरोप पोचतो. म्हणून अमेरिकेत प्रत्येक नव्या सीटसोबत रजिस्ट्रेशन कार्ड देणं बंधनकारक आहे. सीट दुसऱ्याच्या हातात गेली, की ही साखळी तुटते.

हे किरकोळ प्रकरण नाही. 2014 मध्ये ग्राको कंपनीच्या सुमारे 60 लाख सीट रिकॉल झाल्या. बकल अडकायचं, त्यामुळे अपघातानंतर मुलाला पटकन बाहेर काढणं अवघड झालं असतं. दोष वेळेवर न कळवल्याबद्दल 2015 मध्ये कंपनीवर 1 कोटी डॉलरची कारवाई झाली.

तुम्ही काय करायचं?

1. सीटच्या मागे किंवा खाली लेबल असतं. त्यावरचा मॉडेल नंबर आणि उत्पादनाची तारीख यांचा फोटो काढा. हा तुमचा बिल्ड नंबर.
2. कंपनीच्या साइटवर तपासा. सीट अमेरिकेतून आली असेल तर तिथल्या एनएचटीएसए या रस्ते सुरक्षा संस्थेच्या साइटवर कार सीटचे रिकॉल शोधता येतात. फक्त ब्रँड जुळून उपयोग नाही, तारीखही जुळली पाहिजे.
3. नोटीस पूर्ण वाचा. बऱ्याचदा सीट परत द्यायची नसते, दुरुस्तीचा भाग फुकट मिळतो. 'वापर थांबवा' असं लिहिलं असेल तर लगेच थांबवा. पण सीट नाही म्हणून बाळाला मांडीवर घेऊन गाडीनं जाऊ नका. धडकेत कुणाच्याही हातात बाळ टिकत नाही.
4. घरगुती जुगाड नको. दोरी, सेफ्टी पिन, फेविक्विक, काहीही नको.
5. सीट टाकून द्यायची असेल तर आधी पट्टे कापा. नाहीतर भंगारवाल्याकडून ती दुसऱ्या बाळाखाली जाईल.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार, 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटमध्ये न बांधल्यास 1000 रुपये दंड आहे. सीटचं भारतीय मानक एआयएस 072. नवी घेताना हे नक्की विचारा.

कलम 110 अ मधलं रिकॉल वाहनांसाठी आहे. बाकी वस्तूंसाठी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधलं कलम 20 आहे. धोकादायक माल परत बोलवायचा आणि पैसे परत द्यायचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकतं. याच प्राधिकरणानं 2023 मध्ये सीट बेल्टचा अलार्म बंद करणाऱ्या क्लिपविरुद्ध आदेश काढले आणि ऑनलाइन दुकानांवरच्या 13,118 लिस्टिंग हटल्या. तुम्हाला तक्रार करायची असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बिल मात्र जपून ठेवा.

तर, त्या दिवशी काय झालं? आमच्या नोटिशीत 'वापर थांबवा' असंच होतं. दादा वैतागला, "आता निघालोय की बे, एवढ्या लांब काय होतंय?" मी फोन त्याच्या हातात दिला. त्यानं वाचलं आणि गाडी वळवली. घर जवळच, वहिनी बाळाला घेऊन चालत आली. दुरुस्तीचा भाग ताईच्या नव्या पत्त्यावर आला, तिथून ओळखीच्या माणसासोबत सोलापूरला. सूचना वाचून मी आणि दादानं बसवला, पट्टा वीसेक वेळा ओढून बघितला. मग गेलो तुळजापूरला.

एपिसोड संपला. आता उठा, खाली जा आणि लेबलचा फोटो काढा. घरी लहान मूल नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना हा भाग पाठवा.