कापड आमचे, नाव दुसऱ्याचे

मालेगावच्या मालाची हकिकत कापड बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साच्यावरून उतरलेले ग्रे कापड इथून ट्रकमध्ये चढते, पाली-बालोतऱ्याकडे जाऊन रंगते, छापले जाते, आणि तिथून बाहेर पडते तेव्हा त्याच्या काठावरचा शिक्का रंगवणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा असतो. सूत आम्ही उधारीवर आणले, बीम आम्ही भरवली, कारीगराने बारा-बारा तास उभे राहून विणले. पण ज्याच्या अंगावर ते कापड जाते त्याच्या लेखी आम्ही कोणीच नाही. भिवंडी, इचलकरंजीच्या बांधवांची गोष्टही बरीचशी हीच आहे.

तेजीत याचा तोटा जाणवत नाही, मंदीत जाणवतो. ज्या मालाला नाव नाही त्याचा सौदा फक्त मीटरच्या भावावर होतो. दलाल भाव थोडा पाडून मागतो, आम्ही नाही म्हणालो तर पलीकडच्या गल्लीतला हो म्हणतो. भाव पाडायचा तर तो येणार कुठून? मग सूत हलके लागते, पीक कमी पडतात, पन्ना अर्धा इंच आत येतो. पुढच्या वर्षी व्यापारी म्हणतो की मालेगावचा माल पूर्वीसारखा राहिला नाही. बेनावी धंद्याची ही खरी किंमत आहे, आणि ती चांगले काम करणाऱ्यालाही भरावी लागते.

पूर्वी नाव करणे मोठ्या मिलवाल्यांनाच परवडत असे. वर्तमानपत्रात पान घ्या, एजंट नेमा, दिवाळीला कॅलेंडर छापा. दहा-वीस साचेवाल्याच्या हातात यातले काहीच नव्हते. आज ते बदलले आहे. व्यापाऱ्यांसाठीचे वेगळे व्हॉट्सॲप २०१८ च्या जानेवारीत आपल्या देशात आले. त्यात दुकानाचे नाव, पत्ता, वेळ आणि मालाची छायाचित्रे भावासह ठेवता येतात, त्यासाठी पैसे पडत नाहीत. इन्स्टाग्राम, फेसबुकही जवळपास प्रत्येक घरात आहे. साधन फुकट मिळाले, विश्वास मात्र कोणी फुकट देत नाही, आणि इथेच आपल्या बांधवांची गल्लत होते असे आम्हाला दिसते.

मोबाइल हाती आला की आपली तरुण मुले काय करतात? चकचकीत दिव्याखाली कापडाचा फोटो, वर गाणे, खाली ‘बेस्ट क्वालिटी, होलसेल रेट’. असे हजार जण लिहितात. गिऱ्हाइकाने त्यातून तुम्हालाच का ओळखावे? आमच्या पुतण्याचे म्हणणे, “चाचा, लोक रील पाहतात, माहिती वाचत नाहीत.” त्याला आम्ही दुकानातली एक जुनी गोष्ट रीलमध्ये करायला सांगितली. कापडाचा एक धागा ओढायचा आणि काडीने पेटवायचा. निव्वळ सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो, आणि राख बोटाने चुरडली जाते. पॉलिस्टर वितळते आणि गार झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. मिश्र सुतात जळणेही दिसते आणि गाठही हाताला लागते. हे आमच्याच दोन थानांवर करून दाखवले, आणि कोणते सुती, कोणते पीसी, दोघांचा भाव काय, तेही सांगितले. ती रील पाहून सटाण्याच्या एका शिलाई करणाऱ्या बाईंनी आवाजी निरोप पाठवला, “भाऊ, तुम्ही मिक्सला मिक्स म्हणता, म्हणून तुमच्याकडूनच घेते.” बाजारात आमची पस्तीस वर्षे गेली, पण असे गिऱ्हाईक दलालामार्फत कधी भेटले नव्हते.

माल दाखवण्याचीही रीत आहे. रंग दाखवायचा तर दुपारी दाराजवळ, उजेडात दाखवावा, ट्यूबलाइटखाली नाही. मोरपंखी रंग फोटोत निळा दिसतो, पार्सल उघडले की हिरवा निघतो, आणि भांडण तिथूनच सुरू होते. पन्ना सांगायचा तर मोजपट्टी लावून दाखवावा. कापड आटते किती, हे तोंडाने सांगण्यापेक्षा एक मीटरचा तुकडा कापून, धुऊन, वाळवून, पुन्हा मोजून दाखवावा. तो आटला तर आटला असेच दाखवावे. शिंपी त्या हिशेबाने कापड जास्त घेईल, त्यात आपले नुकसान नाही. लुंगीच्या काठाला एखादा तार तुटलेला असेल तर तो थान वेगळा काढून, दोषासह, कमी भावाने दाखवावा. धान्याच्या ढिगात ओले दाणे खाली दडवण्याबद्दलची ताकीद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोबाइलवरचे दुकान त्यातून सुटत नाही.

भाषेचाही प्रश्न बरेच जण विचारतात. आमचे शिक्षण उर्दूतले, मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ आजही चुकते. पण धुळे, जळगाव, नाशिकचे गिऱ्हाईक मराठीत विचारते, तर त्याला मराठीतच उत्तर मिळाले पाहिजे. वेलांटी चुकली म्हणून कोणी ऑर्डर रद्द करत नाही. ज्याला लिहिणे जमत नाही त्याने बोलून पाठवावे. दुकानदाराच्या आवाजावरून माणूस बरेच ओळखतो.

आता जपण्याच्या गोष्टी. ‘हातमागाचे’ हा शब्द मोबाइलवर फार स्वस्त झाला आहे. काही वस्तू फक्त हातमागावर विणण्यासाठी १९८५ च्या कायद्याने राखून ठेवल्या आहेत, आणि त्या यंत्रमागावर विणायला मनाई आहे. २००६ पासून हातमागाच्या मालासाठी वेगळी सरकारी खूणही आहे. साच्याचा माल साच्याचा म्हणूनच विकावा, त्यात लाज कसली? शहराच्या नावावर जगणाऱ्यांनी सोलापूरकडे पाहावे. तिथल्या चादरीला भौगोलिक ओळखीची सरकारी नोंद या शतकाच्या पहिल्याच दशकात मिळाली. तरी सोलापूरबाहेर विणलेली चादर सोलापुरी म्हणून खपवली जाते, ही तिथल्या कारखानदारांची तक्रार थांबलेली नाही. शहराचे नाव सर्वांचे असते, म्हणून त्याच्या जोडीला दुकानाचे स्वतःचे नाव हवेच.

पैसे देऊन खोट्या तारका आणि स्तुती लिहून घेणारे आता आपल्या बाजारातही फिरतात. त्यांना दारातूनच परत पाठवावे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड सांगतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. एखाद्या प्रसिद्ध मुलाला पैसे किंवा माल देऊन तारीफ करून घेतली, तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगावे लागते. सरकारने २०२३ च्या जानेवारीत त्याच्या सूचनाही काढल्या आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी खोटी तारीफ कपड्याच्या पहिल्या धुण्यात निघून जाते.

दुसरा धोका परक्या जागेवर घर बांधण्याचा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे तिथे लाखो लोक जमवले होते त्यांच्या हाती काही राहिले नाही. इन्स्टाग्रामही आपल्या मालकीचे नाही. म्हणून गिऱ्हाइकाचे नाव, गाव, काय घेतले, कधी घेतले, हे सर्व वहीत लिहून ठेवावे. जुन्या पेढ्यांत खातेवही असे, तीच ही वही. व्हॉट्सॲपवर एकदम अनेकांना निरोप पाठवण्याची यादी करता येते, पण तो निरोप ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच पोहोचतो. म्हणून बिलावर नंबर छापून गिऱ्हाइकाला तो तिथेच जतन करायला सांगावा. आणि हा नंबर दुकानाचा असावा, मुलाचा नको. एका ओळखीच्या घरात भाऊ वेगळे झाले, तेव्हा साचे वाटले गेले, गाळे वाटले गेले, पण नंबर धाकट्याच्या नावावर होता. सगळे गिऱ्हाईक त्याच्यामागे गेले आणि थोरल्याला दलालाच्या ओट्यावर जाऊन बसावे लागले.

तक्रार आली तर ती पुसून टाकू नये. उत्तर तिथेच, सर्वांसमोर द्यावे आणि माल परत घ्यायचा असेल तर घ्यावा. वाचणारे भांडण पाहत नाहीत, दुकानदार पळतो की थांबतो ते पाहतात.

नाव चालू लागले की त्याची नोंदणी करावी, आधी नाही केली तरी उशीर करू नये. ट्रेडमार्कच्या नोंदणीत कापड चोविसाव्या वर्गात येते आणि तयार कपडे पंचविसाव्या. दोन्ही करत असाल तर दोन्हींत अर्ज करावा लागतो. एका व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. लघुउद्योगाची सवलत घ्यायची तर उद्यम नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा. नोंद दहा वर्षे चालते, पुढे नूतनीकरण होते. ‘सुपर कॉटन’, ‘उत्तम लुंगी’ असली नुसती वर्णनाची नावे सहसा मंजूर होत नाहीत. आणि जे नाव आपण ठरवले ते आधीच कोणी घेतले आहे काय, हे ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. शिक्के बनवायला टाकण्यापूर्वी आणि वकिलाकडे जाण्यापूर्वी एक शुक्रवार त्यासाठी द्यावा, साचे त्या दिवशी बंदच असतात.