पुढचं स्टेशन येईपर्यंत

मुंबईच्या साध्या लोकलमध्ये एका डब्यातून दुसऱ्या डब्यात आतून जाता येत नाही. रोजच्या प्रवाशाच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की त्याचा कशावर काही परिणाम होत असेल असं मनातही येत नाही. पण डब्यात हात पसरून फिरणाऱ्या माणसाचं सगळं गणित याच एका गोष्टीवर उभं असतं. तो चढला, गाडी सुटली, की पुढचं स्टेशन येईपर्यंत तो तुम्हाला चुकवू शकत नाही आणि तुम्ही त्याला. धीम्या गाडीत ही मुदत दोन-तीन मिनिटांची. बांद्र्याहून अंधेरीकडे निघालेल्या जलद गाडीत जरा ऐसपैस. मग वीस-तीस सेकंदांच्या थांब्यात उतरायचं, फलाटावरून पळत जायचं आणि शेजारचा डबा गाठायचा.

हे ध्यानात घेऊन दुपारच्या सैल गाडीतल्या गाणाऱ्याकडे पाहा. बोटांत फरशीचे दोन चपटे तुकडे धरून ठेका देणारा पोरगा असो की गळ्यात स्पीकर अडकवलेलं अंध जोडपं, गाणं थेट मुखड्यापासून उचललं जातं. आलापाला सवड नाही. एक अंतरा, फार तर दोन, आणि गाडीचा वेग मंदावायच्या आत हात पुढे. शेवटचं नाणं पडतं तेव्हा खिडकीबाहेर फलाट सरकू लागलेला असतो. जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीत अख्खा राग बसवणाऱ्या जुन्या गवयांनाच या कसरतीची खरी कदर करता आली असती.

ऐन गर्दीत मात्र ही मंडळी दिसत नाहीत. त्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. रेल्वेवाल्यांनी त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नाव दिलेलं आहे. हात पसरायचा तर आधी तो अंगापासून सुटा व्हायला हवा, आणि देणाऱ्याचाही खिशापर्यंत पोचायला हवा.

गाडीत भीक द्यावी की देऊ नये, हा प्रश्न आपण नेहमी नीतीच्या खात्यात टाकतो. करुणा, आळस, व्यसन, टोळ्या असे ठरलेले शब्द येतात, ठरलेला वाद होतो आणि ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्याकडे राहतं. मला जास्त नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपलं उत्तर ठरवण्यात आपला वाटा किती आणि डब्याचा किती?

डबा म्हणजे माणसाला तपासायची आयती प्रयोगशाळा, हे न्यूयॉर्कच्या संशोधकांना फार पूर्वी सुचलं होतं. इर्विंग पिलियाविन, ज्युडिथ रोडिन आणि जेन पिलियाविन यांनी १९६९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिथल्या भुयारी रेल्वेची एक जलद गाडी एकोणसाठाव्या रस्त्यावरून सुटली, की एकशे पंचविसाव्या रस्त्यापर्यंत साधारण साडेसात मिनिटं कुठेही थांबत नसे. गाडी सुटून सत्तर सेकंद झाले, की त्यांचा एक माणूस लडखडायचा आणि डब्यातच कोसळायचा. कधी त्याच्या हातात काठी असायची. कधी अंगाला दारूचा वास आणि कागदी पिशवीत गुंडाळलेली बाटली. असं त्यांनी १०३ वेळा केलं. काठीवाल्याला ६५ पैकी ६२ वेळा कुणीतरी आपणहून उठून हात दिला. बाटलीवाल्याला ३८ पैकी १९ वेळा.

बघे जितके जास्त तितकी मदत कमी, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो, हा सिद्धांत त्या काळी नुकताच गाजत होता. या डब्यात तसं काही दिसलं नाही. माणसं समोर पाहत होती, आणि उतरून जायची सोय नव्हती. तरीही २१ प्रसंगांत मिळून ३४ जण जागेवरून उठले आणि तिथून दूर गेले. मला हे ३४ जणच अधिक ओळखीचे वाटतात.

त्यांचं मन उलगडणारा प्रयोग पुढे अमेरिकेतच झाला. नाताळच्या दिवसांत ‘साल्वेशन आर्मी’ ही संस्था दुकानांच्या दारात घंटा वाजवून गरिबांसाठी पैसे गोळा करते. जेम्स आंद्रेओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मुख्य दारं असलेलं एक सुपरमार्केट निवडलं. घंटावाला कधी एकाच दारात उभा केला, कधी दोन्ही दारांत. तो कधी गप्प राहायचा, कधी तोंडाने ‘कृपया द्या’ म्हणायचा. तोंडाने मागितलं तेव्हा दान निम्म्याहून अधिक वाढलं. त्याच वेळी पुष्कळ गिऱ्हाइकांनी ते दार टाळून दुसरं दार धरलं! मागितलं की आपल्याला ‘नाही’ म्हणवणार नाही हे माणूस आधीच ओळखून असतो, म्हणून तो मागण्याच्या वाटेलाच जात नाही.

लोकलला दुसरं दार नाही. म्हणजे आहे, पण गाडी धावत असते. मग डोळे हेच दुसरं दार होतं. मागणाऱ्याचा आवाज आला की अर्धा डबा मोबाइलमध्ये शिरतो, उरलेल्यांना अचानक झोप लागते. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, हे मागणाऱ्यालाही चांगलं ठाऊक असतं. म्हणून तो खांद्याला किंवा गुडघ्याला हलकासा स्पर्श करतो. आणि समोरच्या बाकावरच्या एकाने खिशात हात घातला, की त्याच्या शेजारच्याचा हातही चाळवतो. तृतीयपंथी आल्या की चित्र आणखी बदलतं. बायकांच्या डब्यात एखादी आई लेकराला त्यांच्या पुढे करते, डोक्यावर हात ठेवून घेते आणि दहाची नोट देते. पुरुषांच्या डब्यात बहुतेक वेळा ती नोट संकोचातून सुटका म्हणून निघते. नोट तीच.

कायद्याने हा व्यवहार मोडून काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ नुसार गाडीत किंवा स्टेशनात भीक मागितली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकत असे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती शिक्षा काढली, मनाई तेवढी ठेवली. त्याहून चक्रावून टाकणारा आहे आपला १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा. त्यातली भिकेची व्याख्या एकदा वाचाच. गाणं, नाच, भविष्यकथन, खेळ करून दाखवणं, एखादी वस्तू विकायला पुढे करणं, यांच्या आडून पैसे मागितले तरी ती भीकच. शब्दशः धरलं तर मोरपिसांची टोपी घालून फलाटावर उभा राहिलेला वासुदेव आरोपी ठरतो. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं चेंबूरसारख्या भिक्षेकरी गृहात. पुन्हा पुन्हा सापडल्यास मुदत दहा वर्षांपर्यंत. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती.

या कायद्याने देणाऱ्याला मात्र कधी हात लावला नाही. तो प्रयोग इंदूरने केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या प्रशासनाने भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायचा आदेश काढला, आणि त्याच महिन्यात देवळाबाहेर दहा रुपये देणाऱ्या एकावर तो नोंदवलाही गेला. दहा रुपयांत एवढा मोठा अपराध पदरात पडावा, हेही एक आश्चर्यच.

‘पण पैसे जातात कुठे?’ हा प्रश्न उरतोच. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोवंडीजवळ रूळ ओलांडताना एका वृद्ध भिकाऱ्याचा मृत्यू झाला. पोलिसांना त्याच्या झोपडीत सुमारे दीड लाखाची नाणी आणि आठ लाखांहून अधिक रकमेच्या मुदत ठेवींची कागदपत्रं मिळाली. नाणी मोजता मोजता पोलिसांना पुरेवाट झाली. ही बातमी आजही लोक सांगतात, आणि दर वेळी आकडा थोडा वाढतो. २०११ च्या जनगणनेत देशभरात ४ लाख १३ हजारांवर भिकारी आणि बेघर भटके नोंदले गेले. त्यांतला एक आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्या एकानेही पैसा उडवला नव्हता, साठवला होता, हे सांगायला मात्र सगळे विसरतात.

दारूत उडवतील, या भीतीची तपासणी जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी केली. गरीब कुटुंबांना थेट रोख रक्कम दिल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का, हे पाहायला त्यांनी निरनिराळ्या देशांतले १९ अभ्यास चाळले. एकूणात वाढ दिसली नाही. काही ठिकाणी खर्च उलट घटला. ही कुटुंबं लोकलमधली माणसं नव्हेत, हे खरं. पण ‘गरिबाच्या हातात पैसा टिकत नाही’ हे आपण कसल्या पुराव्यावर म्हणत आलो, असं विचारायला एवढं पुरतं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र माझं मत कडक आहे. मुलाला पळवून किंवा अपंग करून भीक मागायला लावणं हा इतका निर्घृण गुन्हा, की १९५९ मध्ये दंडसंहितेत त्यासाठी ३६३-अ हे वेगळं कलम घालावं लागलं, आणि नव्या न्यायसंहितेने शिक्षा आणखी वाढवली. प्रत्येक पोरामागे टोळी असते असं नाही. पुष्कळदा पलीकडच्या दाराशी त्याची आईच उभी असते. पण दोन्ही बाबतींत पोराने कमावलेलं प्रत्येक नाणं त्याला उद्या पुन्हा गाडीत चढवतं. त्याच्यासाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, रेल्वेचा १३९ आहे. फोन करायला नाणं काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि बाजूचे प्रवासी वळून बघतात, हे मान्य.

मोठ्या माणसांचा हिशेब तपासायचं मी सोडून दिलं आहे. दोन-पाचची नाणी शर्टाच्या वरच्या खिशात असली की तीन मिनिटांच्या मुदतीत हात पोचतो. पँटच्या मागच्या खिशात पाकीट असलं की दयाबुद्धीही तिथेच दबून राहते. गाणाऱ्याला मी देतो ते गाण्याचे. ‘स्वराधार’सारखी संस्था अशा गाणाऱ्यांना हेरून व्यासपीठावर नेते, म्हणजे ते गाणं आहे हे निदान कुणीतरी मानतं. १९५९ च्या कायद्याने त्याला भीक म्हटलं म्हणून माझ्या कानाला ते वेगळं ऐकू येत नाही. सुरात गायलं तर दहा, बेसूर असेल तर पाच. आणि गाणं आमच्या काळातलं निघालं, तर बेसुरालाही दहा.