सैल त्वचेची शस्त्रक्रिया कधी करावी?

भरपूर वजन उतरल्यावर पोटावर, दंडांवर लोंबणारी त्वचा व्यायामाने आटत नाही. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी हे पाहा:

● वजन : किमान ३ ते ६ महिने स्थिर हवं. बॅरिअ‍ॅट्रिक (वजन घटवण्याच्या) शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने थांबा.

● रक्त : हिमोग्लोबिन, प्रथिनं, लोह, बी-१२ तपासा. कमतरता असेल तर जखम लवकर भरत नाही.

● तंबाखू : सिगारेट, गुटखा, मिश्री किमान ४ आठवडे आधी बंद.

● गरोदरपण : मूल हवं असेल, तर पोटाची शस्त्रक्रिया बाळंतपणानंतरच करणं चांगलं.

● पुरळ : घडीतली त्वचा वारंवार चिघळत असेल, तर फोटो आणि औषधांच्या चिठ्ठ्या जपा, विम्याच्या दाव्यात उपयोगी पडू शकतात.

त्वचा जाते, पण लांबलचक व्रण कायम राहतो. मनाची ती तयारी झाल्यावरच होकार द्या.