काळ्या रानात फोटो फटफटीत का येतो? नवख्याला एक शिकवावं, स्टुडिओवाल्याला दुसरं

पाण्यात आडव्या झालेल्या सोयाबीनचा फोटो काढावा, तर ढगाळ आभाळ पांढरंफटक आणि पीक काळंठिक्कर. पंचनाम्याच्या वेळी दाखवायला तोच फोटो हाताशी असतो. पाणी ओसरल्यावर तसा फोटो पुन्हा मिळत नाही. ई-पीक पाहणीतही उभ्या पिकाचा फोटो द्यावा लागतो.

दोष मोबाईलच्या किमतीचा नाही. कॅमेऱ्याला काळी माती की पांढरा कापूस हे धड कळत नाही. समोर जे असेल ते मधल्या राखाडी रंगाइतकं उजळ करायचं, एवढाच त्याचा हिशोब. म्हणून फ्रेममध्ये नुसतं काळं रान घेतलं की फोटो फटफटीत येतो, आणि फुटलेला कापूस घेतला की मळकट. नवे फोन थोडं सावरून घेतात, पण पुरतं नाही.

नवीन शिकणाऱ्याला शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ हे त्रिकूट पहिल्याच दिवशी सांगू नये. तो घाबरतो आणि पुन्हा ऑटोवर जातो. त्याला एकच गोष्ट द्यावी: पिकावर बोट टेकवायचं. बहुतेक फोनमध्ये तिथं सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवायचं. कापूस असेल तर वर, काळी माती असेल तर खाली. एकाच बोंडाचे तीन फोटो काढून शेजारी शेजारी ठेवले की बाकी सांगावं लागत नाही.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या जुन्या माणसाला हे सांगायला गेलं तर तो हसेल. फिल्मच्या काळात कडक उन्हात अ‍ॅपर्चर १६, फिल्म १०० ची असेल तर शटर १/१०० च्या आसपास, हा आडाखा त्याला तोंडपाठ असतो. त्याची अडचण वेगळी, हात जुन्या सवयीनं चालतो. निगेटिव्ह फिल्मवर उजेड थोडा जास्त झाला तरी खपून जायचं. डिजिटलमध्ये एकदा पांढरा पडलेला भाग परत येत नाही, थोडा काळवंडलेला मात्र नंतर उजळता येतो. त्यामुळे त्यानं हिस्टोग्राम बघावा, आलेख उजव्या कडेला जाऊन आदळला की उजेड कमी करावा.

फोनवर त्याची आणखी एक पंचाईत होते. बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर कायमचं एकच असतं. खेळायला उरतात फक्त शटर आणि आयएसओ.