विश्लेषण : थेंबही न सांडता डिझेलची लाइन ‘गळते’ कशी? ऐन वाफशावर ट्रॅक्टर बंद का पडतो?

मृगाचा पाऊस झाला, दोन दिवसांनी वाफसा आला आणि पेरणीसाठी ट्रॅक्टर काढला. बराच वेळ स्टार्टर मारल्यावर तो कसाबसा सुरू झाला, बांधापर्यंत गेला आणि बंद पडला. टाकीत डिझेल आहे, बॅटरी चांगली आहे, इंजिनाखाली एक थेंबही दिसत नाही. अशा वेळी बॅटरी बदलली जाते, नोझल तपासायला जातात, कधी डिझेल पंपही उतरवला जातो. दोष मात्र अनेकदा भेगाळलेल्या रबरी पाइपचा किंवा तांब्याच्या जुन्या वॉशरचा असतो. तो ओळखायचा कसा, घरी काय दुरुस्त करता येते आणि हात कुठे घालायचा नाही?

डिझेल टाकीतून नोझलपर्यंत कसे पोहोचते?

टाकीतून निघालेले डिझेल पाणी आणि गाळ अडवणाऱ्या फिल्टरमधून फीड पंपाकडे येते. फीड पंप ते बारीक फिल्टरमधून मुख्य डिझेल पंपाकडे ढकलतो. मुख्य पंप प्रचंड दाबाने ते नोझलला देतो आणि उरलेले डिझेल रिटर्न पाइपने टाकीत परतते. म्हणजे लाइन एक दिसली तरी तिचे चार भाग आहेत : ओढणारा, कमी दाबाचा, उच्च दाबाचा आणि परतीचा. प्रत्येक भागातील गळतीचे लक्षण वेगळे असते.

थेंब न पडता गळती कशी होते?

भोक पडलेल्या स्ट्रॉने शहाळे पिऊन पाहा. पाणी बाहेर सांडत नाही, पण तोंडात मात्र हवाच जास्त येते. टाकी आणि फीड पंप यांच्यामधील पाइपचेही असेच होते. पंप डिझेल ओढत असताना भेगेतून बाहेरची हवा आत शिरते. यालाच आपण ‘लाइनने हवा धरली’ म्हणतो. टाकी पंपापेक्षा उंचावर असेल, तर टाकी भरलेली असताना त्याच जागी डिझेल झिरपते आणि पातळी उतरली की तिथूनच हवा शिरू लागते. ‘टाकी फुल असली की नीट चालतो, कमी झाली की बंद पडतो’ या तक्रारीमागे हे कारण असू शकते.

लक्षणे कोणती?

रात्रभर उभे राहिलेले इंजिन सकाळी उशिरा सुरू होणे, हातपंप मारला की लगेच सुरू होणे, रेस आपोआप कमी-जास्त होणे, रोटाव्हेटर जमिनीला लावताच दम तुटणे, ही हवा धरल्याची खूण. मात्र तुंबलेल्या फिल्टरमुळेही दम तुटतो. त्यामुळे आधी फिल्टरमधील पाणी काढावे आणि मुदत संपली असेल तर फिल्टर बदलावा.

एक गळती बाहेर कधीच दिसत नाही. टाकीतील डिझेल नेहमीपेक्षा लवकर संपते आणि इंजिन ऑइलची पातळी मात्र वाढते. दांडीवरील ऑइल पातळ लागले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर डिझेल आतल्या आत ऑइलमध्ये मिसळत आहे. ऑइलचा थर पातळ झाला की बेअरिंग झिजतात. असे इंजिन चालवू नये, थेट मेकॅनिकला दाखवावे.

नेमकी जागा कशी शोधायची?

इंजिन बंद करून थंड होऊ द्या. टाकीपासून सुरुवात करून सगळे जोड फडक्याने कोरडे करा. त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी भुरभुरा आणि थोड्या वेळाने पाहा. भुकटी ओली झाली तिथे गळती. डिझेल पाइपवरून खाली ओघळते, त्यामुळे थेंब पडतो ती जागा नव्हे, तर ओलाव्याची सर्वांत वरची जागा शोधायची.

हवा शिरत असेल तर मेकॅनिक फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक पाइपचा तुकडा तात्पुरता जोडतात. इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे धावताना दिसले, तर दोष तेथून टाकीपर्यंतच्या भागात आहे. मग एकेक जोड तपासत मागे जायचे.

दुरुस्ती काय करावी?

रबरी पाइप कडक झाला असेल किंवा वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर डिझेलसाठीचाच नवा पाइप आणि नवी क्लिप टाकावी. पाण्याचा पाइप डिझेलमध्ये टिकत नाही. जोड उघडला की तांब्याचे वॉशर नवे घालावेत. गळते म्हणून बोल्ट जोर लावून आवळत राहिल्यास आटे जातात. टेफ्लॉन टेपही टाळावी. तिचे तुकडे पंपात आणि नोझलमध्ये अडकतात.

जुन्या पद्धतीच्या पंपात काम झाल्यावर फिल्टरवरील एअर स्क्रू सैल करून हातपंप मारावा. फेस थांबून स्वच्छ डिझेल आले की स्क्रू आवळावा.

हात कुठे घालायचा नाही?

मुख्य पंपापासून नोझलपर्यंतच्या लोखंडी पाइपला. गाडीच्या टायरमध्ये साधारण दोन बार दाब असतो. जुन्या इंजिनांत नोझल २०० बारच्या आसपास उघडते, तर कॉमन रेल इंजिनांत हा दाब १,६०० बार आणि त्याहूनही वर जातो. वाहनांसाठी १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आणि ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरसाठी १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ निकष लागू झाल्यापासून अशी इंजिने गावोगावी दिसू लागली आहेत.

या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत घुसवते. वर फक्त टाचणीएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. पण आतील पेशी मरू लागतात आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. त्यामुळे अशी गळती बोटाने चाचपू नये. ठिपका दिसला तर दुखण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

चालू कॉमन रेल इंजिनाचा जोड कधीही सैल करू नये. बंद केल्यावरही दाब उतरायला वेळ लागतो. तडा गेलेला पाइप वेल्डिंग न करता बदलावाच लागतो. हे काम मेकॅनिकचेच.

थोडीशी गळती चालवून घेतली तर?

सेकंदाला एक थेंब म्हटले तरी २४ तासांत दीड-दोन लिटर डिझेल जाते. लिटरला ९० रुपये धरले तर रोजचे दीडशे रुपये मातीत. त्याहून मोठा धोका आगीचा. सांडलेले डिझेल पेट्रोलसारखे लगेच पेटत नाही, पण त्याचा फवारा तापलेल्या मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर उडाला तर ठिणगीशिवायही भडका उडू शकतो. म्हणून फवारा दिसताच इंजिन बंद करणे हे पहिले काम.

पेरणीपूर्वी काय तपासावे?

ट्रॅक्टर घराजवळ उभा असतानाच, पावसाच्या आठवडाभर आधी, रबरी पाइप वाकवून पाहावेत, क्लिपा तपासाव्यात, फिल्टरमधील पाणी काढावे आणि ऑइलची दांडी पाहावी. लोखंडी पाइपना आधार देणारे क्लॅम्प जागेवर आहेत ना, हेही बघावे. ते निघाले की पाइप थरथरतो आणि नटाजवळ तडकतो. अर्ध्या तासाचे हे काम आहे. वाफसा मात्र मेकॅनिकची वाट पाहत थांबत नाही.